उसनी चाल : अजाण अनुकरणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मनुष्य आपल्या मतांवर, आपल्या अभिरुचीवर आणि प्रसंगी आपल्या दोषांवरही स्वामित्वाचा हक्क सांगत असतो. परंतु चालणे, बसणे, खाकरणे, बोलता बोलता मान तिरपी करणे, संमती देताना क्षणभर डोळे मिटणे, अशा ज्या शेकडो बारीकसारीक लकबींवरून त्याला शंभर पावलांवरून ओळखता येते, त्या लकबींवर मात्र तो असा हक्क कधीच सांगत नाही, कारण त्या आपल्यापाशी आहेत हेच मुळी त्याला ठाऊक नसते, मग त्या आपण कोणाकडून घेतल्या हे ठाऊक असण्याची गोष्टच दूर. खरेदीखत कोठेही सापडत नाही आणि कब्जा मात्र आजन्म निर्वेध चालू आहे, अशा या विलक्षण मालमत्तेचा शोध घेणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

प्रारंभीच एक मर्यादा आखून घेतली पाहिजे. बहुरूपी जे करतो, नकलाकार जे करतो, अथवा ध्वनिमुद्रिकांवरून थोर गवयांची गायकी उचलून ती कोवळ्या वयात हुबेहूब गाऊन दाखविणाऱ्या कुमार गंधर्वांनी बालपणी जे केले, तेही अनुकरणच होय. परंतु तेथे नमुना कोणता आणि प्रत कोणती हे करणारा व पाहणारा असे दोघेही जाणत असतात. नमुना घेतला गेला याची नोंद घेणाऱ्याच्या मनाच्या दप्तरी होतच नाही, अशा अनुकरणाचाच येथे विचार करावयाचा आहे. हा विषय नवा आहे असेही नव्हे. ॲडम स्मिथ, जो पुढे अर्थशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ख्यातनाम झाला, त्याने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात सैल दोरावर तोल सावरणाऱ्या कसरतपटूकडे टक लावून पाहणाऱ्या गर्दीचे वर्णन केले आहे. तो दोरावरचा मनुष्य जिकडे झुकतो तिकडे खालची गर्दीही अंग वळवीत, पिळीत, आपला न ढळलेला तोल सावरीत असते. डार्विनने १८७२ साली भावाविष्कारावरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, गाणाऱ्याचा आवाज एकाएकी घोगरा झाला की श्रोत्यांपैकी अनेकजण आपलाच घसा साफ करू लागतात. आणि ही हकीगत आपण एका विश्वासू गृहस्थाकडून ऐकली असल्याचेही त्याने प्रामाणिकपणे नमूद केले आहे. (शास्त्रज्ञाने ऐकीव गोष्टीला ऐकीव म्हणावे, हा शिरस्ता अलीकडे थोडा ढिला झालेला दिसतो.) स्मिथला त्यातून सहानुभूतीचे मूळ दाखवावयाचे होते, डार्विनला सवयीचे आणि साहचर्याचे, एकाच साक्षीदाराला दोन वकिलांनी आपापल्या बाजूने उभे करावे, तसे या वस्तुस्थितीचे पुढेही अनेकवार झाले आहे.

परंतु दोरावरचा खेळ आणि गाण्याची मैफल हे नैमित्तिक प्रसंग झाले. नित्याचा प्रसंग पाहावयाचा असेल तर एखाद्या जुन्या वहिवाटीच्या सरकारी कचेरीत तासभर बसावे. तेथील अव्वल कारकून कोणतेही प्रकरण वाचावयास घेण्यापूर्वी चष्मा कपाळावर चढवितो, कागदांच्या चळतीची कड मेजावर दोनदा आपटून सारखी करतो, आणि समोर उभ्या असलेल्या अर्जदाराकडे न पाहता एक लांबट हुंकार सोडतो. गेल्या वर्षी नोकरीस लागलेला तरुण लिपिक पलीकडच्या मेजाशी बसलेला असतो. त्याच्यापुढे प्रकरण येते ते फितीने घट्ट बांधलेले, कडा आधीच जुळलेल्या. तरी तो ते मेजावर दोनदा आपटतो. त्याला चष्मा नाही. तरी त्याची तर्जनी भुवईपर्यंत जाऊन रिकामीच परत येते. आणि मग तोच हुंकार, फक्त एक पट्टी वर. हे तू कोणाकडून शिकलास असे त्याला विचारले तर तो प्रथम बुचकळ्यात पडेल आणि मग बहुधा रागावेल. कारण त्याच अव्वल कारकुनाच्या नावाने तो रोज संध्याकाळी घरी बोटे मोडीत असतो. त्याची ही जबानी खोटी नव्हे. त्याच्या मनाने त्या वरिष्ठाला नामंजूर केलेले आहे. त्याच्या हातांनी मात्र मनाच्या मंजुरीची वाट पाहिलेली नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९३४ साली पॅरिस येथे मानसशास्त्रज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानात या विषयाला एक अविस्मरणीय दाखला जोडून ठेवला आहे. न्यूयॉर्कमध्ये आजारी पडून तो रुग्णालयात होता आणि पडल्या पडल्या परिचारिकांच्या येण्याजाण्याकडे त्याचे लक्ष लागले होते. अशी चाल आपण पूर्वी कोठे पाहिली आहे, या विचाराने त्याला काही काळ घेरले, आणि मग त्याला उमगले की ती चित्रपटांत पाहिली आहे. मायदेशी परतल्यावर पाहतो तो पॅरिसच्या मुलीही तशाच चालू लागलेल्या. अमेरिकेतील चाल पडद्यावरून समुद्र ओलांडून आली होती, आणि ती अंगी बाणविणाऱ्या मुलींना आपण काही आयात केले याची गंधवार्ताही नव्हती. आपल्याकडे पडद्याच्याही आधी रंगभूमीने हे कार्य केलेले आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतील नेसण्याची व केशरचनेची घाटणी महाराष्ट्रातील प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली, हे सर्वश्रुत आहे. लुगडे आणि अंबाडा बुद्धिपुरःसर उचलला गेला असेल, परंतु पदर सावरताना मनगट कोठे थांबावे आणि वळून पाहताना मान किती वळावी, हे काही कोणी आरशापुढे उभे राहून घटविले नसावे. पुरुषाने कुलीन स्त्रियांचे निरीक्षण करून उभी केलेली स्त्री, आणि तिच्यावरून पुन्हा घडलेल्या कुलीन स्त्रिया, या चक्रात मूळ प्रत कोणती हे सांगणे मोठ्या चिकित्सक संपादकालाही जमणार नाही.

अशा निरीक्षणांना शास्त्राच्या पदवीस चढविण्याचे काम मात्र पुष्कळ उशिरा झाले. तान्या शारट्रँड आणि जॉन बार्घ या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आता या अभ्यासाचे प्रवेशद्वार समजले जातात, आणि त्यांची रचना इतकी साधी आहे की ती तपशिलाने सांगणे योग्य होईल. विद्यार्थ्याला एका खोलीत बोलावून सांगितले जाते की, तुला व तुझ्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळून काही छायाचित्रांचे आळीपाळीने वर्णन करावयाचे आहे. तो दुसरा विद्यार्थी वास्तविक प्रयोगकर्त्यांचा हस्तक असतो आणि त्याला एकच गुप्त कामगिरी दिलेली असते : कामाच्या ओघात अधूनमधून चेहऱ्यावरून हात फिरवावयाचा, किंवा पाय हलवावयाचा. थोड्या वेळाने हाच विद्यार्थी दुसऱ्या हस्तकाशेजारी बसविला जातो, आणि या दुसऱ्याची खोड पहिल्याहून वेगळी असते. सर्व व्यवहाराची चित्रफीत घेतली जाते. मागाहून ती पाहता असे आढळले की, चेहरा चोळणाऱ्याच्या सान्निध्यात विद्यार्थी स्वतःचा चेहरा अधिक चोळीत होते आणि पाय हलविणाऱ्याच्या सान्निध्यात स्वतःचा पाय अधिक हलवीत होते. आणि विचारणा केली असता शेजाऱ्याची खोडही त्यांच्या लक्षात आलेली नव्हती, मग आपली कोठून येणार! पुढच्या प्रयोगात बाजू उलटविण्यात आली. या वेळी हस्तकच विद्यार्थ्याची बसण्याची ढब हळूच उचलीत होता, आणि ज्यांची ढब अशी उचलली गेली त्या विद्यार्थ्यांना तो मनुष्य अधिक आवडला व त्याच्याशी झालेला संवाद अधिक सुरळीत वाटला. सरडा ज्या सहजतेने रंग बदलतो त्यावरून या प्रकाराला सरड्याचेच नाव मिळाले आहे. हे नामकरण मला फारसे पसंत नाही. सरड्याच्या नावाला आपल्या भाषेत दगलबाजीचा वास चिकटलेला आहे, आणि येथे कोणाचीही दगलबाजी नाही.

असे व्हावेच का, या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकातच पुढे आले होते. १८५२ साली इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने असे प्रतिपादिले की, हालचालीची नुसती कल्पना मनात येणे हीच त्या हालचालीची सुरुवात असते, इच्छेचा हुकूम सुटलाच पाहिजे असे नाही. आणि १८९० साली विल्यम जेम्सने या मताला आपल्या बृहद्ग्रंथात मानाचे स्थान दिले. हे खरे धरले तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. मग आपण दुसऱ्याचे अनुकरण का करतो हे विचारावयाचे नसून, समोर दिसणाऱ्या प्रत्येक हालचालीचे अनुकरण करण्यापासून आपल्याला कोण आवरून धरतो, हे विचारावयाचे. या प्रश्नाचे उत्तर फ्रांस्वा लेर्मित या पॅरिसच्या मज्जाविकारतज्ज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या रुग्णवृत्तांतांत मिळते. मेंदूच्या अग्रखंडाला इजा पोचलेल्या काही रुग्णांपुढे बसून डॉक्टर नुसते काहीतरी करी, सलाम ठोकी, कागदाची घडी घाली; आणि रुग्ण, कोणी सांगितलेले नसताना, तेच करी. करू नका असे स्पष्ट बजावल्यावरही त्यांपैकी बहुतेकांचे अनुकरण थांबले नाही. तुम्ही केले म्हणून मला करावे लागले, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असे. तात्पर्य हे की, अनुकरणाची प्रवृत्ती आजाराने नव्याने निर्माण केली नव्हती. तिच्यावरील पहारा तेवढा उठला होता.

येथे उत्साही वाचकाला थोडे थोपवून धरणे अवश्य आहे. नवजात अर्भकही समोरच्याने जीभ बाहेर काढली की जीभ बाहेर काढते, हा मेल्ट्झॉफ आणि मूर यांचा १९७७ सालचा निष्कर्ष अनेक पाठ्यपुस्तकांत वेदवाक्याप्रमाणे जाऊन बसला. परंतु २०१६ साली ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक अर्भकांची पहिल्या नऊ आठवड्यांत पुनःपुन्हा तपासणी झाली तेव्हा, समोर काहीही केले तरी मुले जीभ बाहेर काढतच असतात, असे निष्पन्न झाले. (कोणत्याही आजीला विचारले असते तर एवढा खर्च वाचला असता, असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु आज्यांनी नियंत्रित तुलना केलेली नव्हती.) इटलीतील पार्मा येथे १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूत सापडलेल्या, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या कृतीला सारखीच दाद देणाऱ्या पेशींविषयीही असेच. शोध अस्सल आहे. पण त्या पेशींच्या खात्यावर पुढे करुणा, भाषा आणि अखिल संस्कृती जमा करण्याची जी घाई झाली, तिचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे. विशेष गमतीची गोष्ट अशी की, ज्या माकडांच्या मेंदूत या आरशासारख्या पेशी सापडल्या त्या माकडांना अनुकरण फारसे साधत नाही. मर्कटचेष्टा म्हणून आपण ज्या गुणाचा उपहास करतो, तो मुख्यत्वे मनुष्याचा गुण आहे. १९३१ साली केलॉग या अमेरिकन दांपत्याने आपल्या डोनाल्ड नावाच्या मुलाबरोबर गुआ नावाची चिंपँझीची पिल्ली सख्ख्या भावंडासारखी वाढविण्यास घेतली. ती मनुष्य कितपत होते, हे त्यांना पाहावयाचे होते. नऊ महिन्यांनी प्रयोग आटोपता घेतला तेव्हा गुआला मनुष्याचा एकही शब्द उच्चारता येत नव्हता. चिरंजीव मात्र खाद्य दिसताच वानरीसारखे हुंकारू लागले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपँझींना आणि तीनचार वर्षांच्या मुलांना पेटीतून खाऊ काढण्याची रीत दाखविण्यात आली आणि तीत मुद्दाम काही निरर्थक पायऱ्या घुसडण्यात आल्या. पेटी पारदर्शक ठेवून त्या पायऱ्यांचा फोलपणा डोळ्यांना दिसेल असे केले तेव्हा चिंपँझींनी त्या गाळल्या; मुलांनी त्या निष्ठेने पार पाडल्या. आमच्या तरुण लिपिकाने बांधलेली फाइल मेजावर का आपटली, याचा उलगडा येथवर बराचसा झाला असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु एवढ्यावर थांबलो तर अजाण अनुकरण म्हणजे एक आंधळे यंत्र होय, असा ग्रह होईल, आणि तोच ग्रह दूर करण्याचा या पुस्तकाचा खरा उद्योग आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतो, ही म्हण अर्धीच खरी आहे. कारण दावणीला एकाच वेळी पाचपंचवीस बैल बांधलेले असतात आणि गुण लागतो तो त्यांतल्या एखाद्याचाच. समोर शंभर माणसे वावरत असताना आपले शरीर कोणाची ढब उचलते आणि कोणाची सोडून देते, यात एक निवड असते, आणि ती निवड मनाला न विचारता झालेली असली तरी मनाच्या गरजांशी तिचे नाते जवळचे असते. गाब्रिएल तार्द, जो सार्ला या फ्रेंच गावी न्यायाधीश होता आणि म्हणून ज्याला मनुष्यस्वभाव कागदपत्रांसह पाहावयास मिळाला होता, त्याने १८९० सालीच असे मांडले होते की अनुकरण हे सामान्यतः वरून खाली वाहते. श्रेष्ठाचे कनिष्ठ करतो. मोसनेही प्रतिष्ठेवरच बोट ठेवले होते. प्रयोगशाळेने यात अधिक सूक्ष्म भर घातली आहे. संगणकावरील चेंडूफेकीच्या खेळात ज्यांना मुद्दाम वगळण्यात आले, ती माणसे लगोलग भेटलेल्या नव्या व्यक्तीच्या पायाच्या हालचालीचे अधिक अनुकरण करू लागली, असे २००८ सालच्या एका शोधनिबंधात आढळते. पंक्तीतून उठविलेला मनुष्य शेजारच्या पंक्तीत जागा मागतो, आणि ती मागणी त्याचा पाय त्याच्या तोंडाआधी करतो. उलटपक्षी, १९७७ साली वेल्समध्ये वेल्श भाषा शिकणाऱ्या प्रौढांपुढे एका उच्चभ्रू इंग्रजी उच्चाराच्या प्रश्नकर्त्याने त्यांच्या भाषेला भवितव्य नाही अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांच्या इंग्रजी बोलण्यातील वेल्श हेल कमी होण्याऐवजी ठळक झाला. म्हणजे शरीराला जवळ जाता येते तसे पाठही फिरविता येते. वऱ्हाडातून वा तळकोकणातून पुण्यास शिकावयास आलेला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी परततो तेव्हा त्याचे बदललेले हेल त्याला ऐकू येत नाहीत, ते त्याच्या बहिणीला पहिल्या वाक्यात ऐकू येतात, आणि ती जे हसते त्यात थोडी थट्टा आणि थोडी फिर्याद असते. आपल्या गावाशी याने काही गुप्त व्यवहार मोडला, हे तिला बरोबर कळलेले असते. इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांनी हिंदी आणि गुजराती वळणे, किंवा तंजावरच्या मराठी कुटुंबांनी तमिळ वळणे कशी आपलीशी केली, हा याच व्यवहाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जमाखर्च आहे.

आपल्या संगीतात तर हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. गुरू शिष्याला सूर सांगतो, बंदिश सांगतो, दमसास सांगतो. तान घेताना उजवा हात हवेत कसा फिरवावा, हे शिकविणारा गुरू विरळा. तरीही मैफलीतील जाणता श्रोता कान झाकून, नुसत्या हातांवरून, हा कोणाच्या तालमीत तयार झाला हे सांगू शकतो. मॅथ्यू राहाइम या अमेरिकन अभ्यासकाने २०१२ साली हिंदुस्थानी गायकांच्या हस्तचेष्टांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि न शिकविता संक्रमित होणारी ही परंपरा स्वरांच्या परंपरेइतकीच खरी असल्याचे दाखविले. शिष्य काही काळाने गुरूच्या गायकीपासून दूर जातो, आपली वाट काढतो, टीकाकार त्याच्या स्वतंत्र प्रतिभेची वाखाणणी करतात. आणि त्याच वेळी त्याचा डावा पंजा गुरूच्याच ढंगाने मांडीवर उपडा पडलेला असतो.

आता एक तक्रार. या विषयावरील बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत, समान वयाच्या, समान दर्जाच्या, परस्परांस अपरिचित अशा दोन विद्यार्थ्यांना समोरासमोरच्या खुर्च्यांवर दहापंधरा मिनिटे बसवून झालेले आहेत. आपल्याकडे ज्याचे अनुकरण व्हावे तो वडील अथवा वरिष्ठ असतो, आणि त्याच्या समक्ष त्याच्यासारखे बसणे हाच अपराध असतो. सासऱ्यापुढे सुनेने, साहेबापुढे शिपायाने, गुरुजींपुढे विद्यार्थ्याने पायावर पाय टाकून बसू नये, हे कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही, तरी त्याची अंमलबजावणी कायद्याहून चोख आहे. तेव्हा अशा खोलीत चित्रफीत लावली तर यंत्राला काहीच दिसणार नाही, आणि या समाजात अजाण अनुकरण अल्प आहे असा अहवाल रुजू होईल. वास्तविक ते अल्प नसते, तहकूब असते. कचेरीतील तो लिपिक अव्वल कारकुनाच्या मेजापुढे उभा असतो तेव्हा हात बांधून, मान खाली घालून असतो. उचललेली ढब तो आपल्या मेजाशी, अर्जदारांवर वापरतो. घरात तर ही तहकुबी वीसवीस वर्षांची असू शकते. सासू ओट्याशी कंबरेवर डावी मूठ ठेवून, उजव्या हातातील पळी किंचित वर धरून, वाक्याचा शेवटचा शब्द लांबवीत सूचना देते; सून ती निमूट ऐकते, मनातून धुसफुसते, आणि त्या काळात तिच्या अंगावर त्या ढबीचा मागमूस दिसत नाही. तिच्या स्वतःच्या घरात सून आली की पहिल्याच सणाला ती मूठ कंबरेवर जाते.

या लांबणीवर पडलेल्या अनुकरणाचा अभ्यास करावयाचा तर प्रयोगशाळेची खोली अपुरी पडेल हे उघड आहे; परंतु सामग्री अगदीच नाही असे नव्हे. गेल्या तीनचार दशकांतील लग्नमुंजींच्या चित्रफिती घरोघरी कपाटांत पडलेल्या आहेत, आणि त्यांत एकच स्त्री प्रथम नववधू म्हणून आणि पुढे वरमाय म्हणून, एकच पुरुष प्रथम मांडवात धावपळ करणारा पुतण्या म्हणून आणि पुढे याद्या वाचणारा कर्ता म्हणून आढळतो. शिवाय ज्यांच्याकडून त्यांनी उचलले असेल ती वडील माणसेही आधीच्या फितीत हालताबोलताना दिसतात. कोणी चिकाटीच्या अभ्यासकाने एका मोठ्या कुटुंबाच्या अशा फिती जमवून, दोन तिऱ्हाइतांकडून, नाती न सांगता, हातांच्या व मानेच्या हालचालींची मोजदाद करविली, तर सुनेची ढब माहेरच्या आईशी अधिक जुळते की सासूशी, आणि कितव्या वर्षानंतर जुळू लागते, हे प्रथमच आकड्यांत सांगता येईल. प्रस्तुत लेखकाचा कयास सासूच्या बाजूने आहे.